चिमणीवाली लोखंडी चूल: एक अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

गेल्या मार्चमध्ये आम्ही घरी चिमणीवाली चूल बसवून घेतली. तेव्हाच लिहिणार होते पण म्हटलं एक पावसाळा जाऊदे, आपल्याकडे लोखंडाच्या वस्तूचं खरं-खोटं जून ते सप्टेंबरमध्येच कळतं. आता वर्ष होऊन गेलं, रोज पेटते, तर चांगलं-वाईट सगळं लिहिते.

घर देवगड तालुक्यात, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर, चिऱ्याचं आणि कौलारू. गॅस आहेच, चहा, दूध, फोडणी त्याच्यावर. पण आंघोळीचं पाणी, उकड्या तांदळाची पेज आणि सणावाराचं मोठं रांधप चुलीवरच, कारण माडाची चुडतं (सुकलेल्या झावळ्या), पिढे (झावळ्यांचे बुडखे), सोडणं (नारळाच्या साली), करवंट्या रोज पडतात, आंबा-काजूची छाटणी असते, जळण विकत आणावं लागत नाही. जुनी चूल मातीची, वैल म्हणजे बाजूचं दुसरं तोंड असलेली, धूर कौलांतून वाट काढेल तसा जायचा. सासूबाई चाळीस वर्षं त्या धुरात बसल्या, डोळे कायम लाल आणि सकाळचा खोकला ठरलेला. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे की घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला ३२ लाख माणसं जातात, तो वाचला तेव्हा मला सगळ्यात आधी त्यांचा खोकला आठवला, आणि तिथेच चूल बदलायचं ठरलं.

चूल जिल्ह्यातल्याच एका फॅब्रिकेटरकडून घेतली, नाव लिहीत नाही. जाड पत्र्याची बॉडी, आतून अग्निविटा, दोन तोंडं, त्यांच्यावर बिडाच्या कड्या म्हणजे लहानमोठा टोप बसतो, खाली जाळी, जाळीखाली राखेचा ट्रे, मागून चार इंची पाइप आणि पाइपात धुराची वाट कमीजास्त करायची झडप. चुलीचे साडेनऊ हजार, पाइप आणि फिटिंग धरून बारा हजार झाले.

पहिल्या दिवशी पेटवली तेव्हा सासूबाई समोर पाटावर बसल्या होत्या. जाळ लागला, हंडा चढवला, पाच मिनिटं गेली आणि त्या वर बघत म्हणाल्या, "गो, धूर गेलो खय?" मी त्यांना बाहेर खळ्यात नेऊन कौलांवरचा पाइप दाखवला, त्यातून पातळशी वाफेसारखी रेघ निघत होती. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. ह्या एका गोष्टीसाठी मी ह्या चुलीला कितीही स्टार देईन. जळण पण कमी लागतं, आधी जेवढ्यात एक हंडा तापायचा तेवढ्यात आता हंडा आणि मागच्या तोंडावर पेज असं दोन्ही होतं.

आता तक्रार, आणि ती पाइपाची आहे. माझं आता पक्कं मत झालंय की अर्धी चूल म्हणजे चिमणी, आणि विकणारे सगळं लक्ष चुलीच्या बॉडीवर देतात, पाइप जाता जाता जोडतात. आम्हाला साध्या लोखंडी पत्र्याचा पाइप दिला, वर चंदेरी रंग मारून. खारी हवा, वरून पाऊस, आतून धुराचं पाणी, ऑगस्टमध्ये कौलांजवळच्या सांध्याला चाळण झाली. बाहेरून रंग दिसत होता, बोट लावलं तर आत गेलं. धूर माळ्यावर साचत होता आणि आम्हाला पत्ता नाही, कारण खाली स्वयंपाकघर स्वच्छ.

दुसरी चूक त्याहून बेसिक होती. पाइपाचे तुकडे एकात एक बसतात ना, त्यात वरच्या तुकड्याचं तोंड खालच्याच्या आत जायला पाहिजे, म्हणजे आत जे काळं पाणी सुटतं ते आतल्या आत ओघळून चुलीत पडतं आणि जळून जातं. त्यांनी उलटं बसवलं होतं. जुलैत एक दिवस बघते तर पाइपावरून बाहेरून डिंकासारखं चिकट काळं काहीतरी ओघळतंय, भिंतीवर हातभर पट्टा, आणि वास असा की मांगरात जुनं डांबर सांडलंय. साबण, सोडा, राख, काहीच लागलं नाही, शेवटी भिंत खरवडून परत चुना काढला. फोन केला तर म्हणे पावसात असं होतंच. पावसात होत नाही हो, ओल्या लाकडानं आणि उलट्या सांध्यानं होतं!

तर ओलं लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास अर्धं वजन पाण्याचंच असतं, आणि चुलीला हवं ते २० टक्क्यांच्या आतलं. जास्त असलं की जाळाची बरीच ताकद पाणी आटवण्यात जाते, धूर थंड आणि जड होतो, आणि चिमणीत साधारण १२० अंशांच्या खाली गेला की आतल्या बाजूनं चिकटतो, त्यालाच क्रिओसोट म्हणतात, तेच ते माझ्या भिंतीवरचं. पातळ असताना ते ओघळतं, सुकलं की काचेसारखं चकचकीत काळं होतं आणि एखाद्या दिवशी मोठा जाळ केला की पाइपाच्या आत पेटतं. आपल्याकडे पाइप वाशा-रिपांमधून वर जातो, कौलांखाली सगळं लाकूड, म्हणजे विचार करा. सासूबाईंना हे सगळं शास्त्र एका ओळीत माहीत होतं, "ओल्या लाकडाक जाळ नाय, नुसतो धूर."

म्हणून आता बेगमी लवकर करतो. दिवाळीनंतर तोडायचं, तेव्हाच फोडायचं, कारण ओंडका सालीसकट अख्खा ठेवला तर वर्षभर आतून ओला राहतो. खाली चिऱ्याचे तुकडे लावून जमिनीपासून वर रचायचं, बाजू मोकळ्या, फक्त डोक्यावर पत्रा. आम्ही आधी सगळं ताडपत्रीत गुंडाळायचो, आत बुरशी यायची. मिरगाच्या आधी सगळं पडवीत. सुकलं का बघायचं तर दोन फाटी एकमेकांवर आपटायची, सुकी असली तर टणकन वाजतात, ओली नुसती धप्प करतात. ऐन किंवा किंजळीचं लाकूड असेल तर निखारा मस्त टिकतो, किनाऱ्यावरच्या सुरूचं लाकूड पण चांगलं जळतं, आंबा हलका, पेटवायला बरा. पेटवायला सोडणं आणि करवंट्या आहेतच, रॉकेल कशाला पाहिजे. आणि विझत आलेल्या निखाऱ्यावर रॉकेल ओतणं तर कृपा करून नकोच, आधी त्याची वाफ होते आणि मग एकदम तोंडावर भडका येतो.

काय घालायचं नाही ते पण सांगते. काजूच्या बियांची टरफलं चुलीत नको, त्यातल्या तेलानं हात भाजल्यासारखे होतात हे सोलणाऱ्या प्रत्येकीला माहितीये, तेच धुरातून डोळ्यांत आणि घशात जातं. किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं फुकट मिळतात म्हणून लोक आणतात, पण त्यात मीठ मुरलेलं असतं, जळताना विषारी वायू सुटतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. रंगवलेली फळी, प्लायवूड, प्लास्टिकची पिशवी, काही नको.

पाइप आम्ही सप्टेंबरमध्ये ३०४ ग्रेड स्टेनलेस स्टीलचा घेतला, दुसऱ्याकडून, साडेचार हजार गेले. ह्या वेळी सांधे सरळ बसवले, खाली साफ करायला झाकण ठेवलं, आणि कौलांतून जिथे बाहेर पडतो तिथले वासे-रीप मागे घेऊन मोठी चौकट करून घेतली. एकेरी पत्र्याच्या पाइपाला लाकडापासून निदान दीड फूट अंतर पाहिजे, आमचं आधी वीतभर पण नव्हतं. मी हात लावून बघितलं तर वासा गरम लागायचा, तेव्हा कळलं नाही की हे केवढं धोक्याचं आहे. रोज तापून तापून लाकूड कोरडं ठणठणीत होत जातं आणि मग पेटायला आधीपेक्षा कमी उष्णता पुरते. उंचीचा हिशोब असा की कौलांतून निघाल्यावर ३ फूट तरी वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल, म्हणजे आढं धरून, त्याच्यापेक्षा २ फूट वर. आमचा आधी आढ्याच्या खाली होता, म्हणून जुलैचं वारं सुटलं की धूर उलटा घरात फेकायचा. आता उंची वाढवली, वर टोपी बसवली, तो त्रास जवळजवळ संपला.

साफसफाई आमचे हे करतात, पावसाळ्याआधी एकदा, गणपतीनंतर एकदा, आणि मध्ये महिन्यातून एकदा खालच्या झाकणातून मी बघते. ब्रश मिळतो पण ह्यांनी काथ्याचा जाड जुडगा करून दोरीला बांधलाय, खाली वजन, वरून सोडायचा आणि खालीवर करायचा, काजळी धबाधब ट्रेमध्ये पडते. पाटी अर्धी भरली पहिल्या वेळी. चूल पूर्ण थंड पाहिजे आणि नाकातोंडाला फडकं पाहिजे. आत कधी पेटलंच तर पाइपातून घोंघों आवाज येतो म्हणतात, तेव्हा पाणी ओतायचं नाही, तापलेला पत्रा आणि विटा फुटतात. चुलीचं तोंड आणि हवा बंद करायची, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि ११२ लावायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले. जुलैतली वादळी रात्र होती, पाऊस आडवा, खिडक्या-दारं घट्ट लावलेली. खोलीत गळत होतं म्हणून सासूबाई चुलीच्या बाजूच्या माजघरात झोपल्या. सकाळचं पाणी कोमट राहील म्हणून मी निखारे तसेच ठेवले आणि झडप पूर्ण बंद केली. पहाटे त्या उठल्या तर डोकं प्रचंड जड, मळमळ, उठताना तोल गेला. मला वाटलं पित्त. मग लक्षात आलं की माझं पण डोकं ठणकतंय. दारं उघडली, त्यांना धरून बाहेर पडवीत बसवलं, मोकळ्या हवेवर तासाभरात बरं वाटायला लागलं, तरी डॉक्टरांकडे नेलं. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे विषारी वायू. दिसत नाही, वास नाही, निखारे धुमसताना सगळ्यात जास्त तयार होतो, आणि रक्तात ऑक्सिजनच्या जागी २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. धूर नाही म्हणजे धोका नाही हे मी धरून चालले होते, ते साफ चुकीचं होतं. चूल देताना झडपेबद्दल कोणी एक शब्द सांगितला नव्हता, तो मी सांगते: लाल निखारा दिसतोय तोवर झडप पूर्ण बंद करायची नाही. आता आम्ही ह्यांना सांगून झडपेलाच दोन बोटं रुंद भोक पाडून घेतलंय म्हणजे ती पूर्ण बंद होऊच शकत नाही. शिवाय ऑनलाइन कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवला, बॅटरीवर चालतो, माजघरात लावलाय. स्लॅबच्या बंद खोलीत चूल ठेवणाऱ्यांनी तर हा आधी घ्यावा आणि चूल मागाहून.

राखेचं थोडक्यात. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो, म्हणून झाकणाच्या लोखंडी बादलीत काढायची, प्लास्टिकच्या नाही, आणि बादली गवताच्या वळईपासून लांब. दोन दिवसांनी माडांच्या आळ्यात, आपल्या आंबट जमिनीला ती चांगली मानवते. पावसाळ्यात मात्र ट्रेमध्ये साठू द्यायची नाही, ओली झाली की पत्रा खाते, आमचा ट्रे तसाच गेला.

बाकी चुलीची उंची थोडी कमी आहे, उभ्यानं काम करणारीला वाकावं लागतं, खाली चिऱ्याचा ओटा करून घ्या. बॉडी बाहेरून भयंकर तापते, तीन वर्षांचा भाचा आला की समोर बाकडं आडवं लावतो, आणि मी नायलॉनचा गाऊन घालून चुलीपाशी जाणं सोडलंय. भाजलंच कोणाला तर वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं, पेस्ट-बिस्ट नाही.

स्टार द्यायचे तर चुलीला साडेचार, पाइपाला एक, फिटिंगला शून्य. चुलीची वीट वर्षभरात एकही फुटली नाही, जाळी जशीच्या तशी आहे, सासूबाईंचा सकाळचा खोकला पुष्कळ कमी झालाय आणि त्या आता मातीच्या चुलीकडे परत जायला तयार नाहीत. माहेरी हीच चूल घेतोय, ऑर्डर दिलीय, फक्त चूल त्याच फॅब्रिकेटरची, पाइप ३०४ स्टीलचा बाहेरून, आणि बसवायला आमच्या गावचा माणूस, आम्ही समोर उभं राहून. तुम्ही घेणार असाल तर एप्रिलच्या आत उरका, मेमध्ये सगळे शाकारणीला लागतात आणि एकदा पाऊस लागला की कौलांवर चढायला माणूस मिळत नाही.