नव्या ताऱ्याचं वजन: मॉडेलवर काढावं का डिस्कवर?

भाचा नांदेडला एमेस्सी करायलाय, प्रोजेक्टसाठी अडकला, मामा तरुण ताऱ्याचं वस्तुमान कोणत्या पद्धतीनं काढू म्हणून रात्री अकराला फोन.

पहिली पद्धत स्वस्त. ताऱ्याचं तापमान नि तेज काढायचं, आलेखावर टिंब ठोकायचं, उत्क्रांतीच्या मॉडेलची (किती वजनाचा तारा वयानुसार किती तापतो नि तळपतो याचं गणित) रेषा कुठली जुळते ते बघायचं. स्पेक्ट्रम, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट, असला की काम सुरू, पण हे म्हणजे मोंढ्यात सोयाबीनचं पोतं नुसतं बघून किलो सांगणं, आत ओलावा किती ते कुठं दिसतंय? इथं ओलावा म्हणजे ताऱ्यावरचे डाग, त्यानं तारा थंड दिसतो आणि वजन कमी निघतं. शिवाय मॉडेल बदललं की आकडा बदलतो.

दुसरी म्हणजे खरा काटाच. ताऱ्याभोवतीच्या डिस्कमधला, म्हणजे वायू-धुळीच्या चकतीतला, कार्बन मोनॉक्साइड वायू किती वेगानं फिरतो ते मोजायचं, पुढं केप्लरचा नियम: तेवढ्याच अंतरावर वेग जास्त तर तारा जड. मॉडेल लागत नाही. पण चिलीतल्या आल्मासारखी ६६ अँटेनांची दुर्बीण लागते, डिस्क शिल्लक पाहिजे आणि ती तिरकी दिसली पाहिजे. साधारण २०० प्रकाशवर्षांवरच्या टीडब्ल्यू हायड्री या तरुण ताऱ्याची डिस्क जवळजवळ समोरून दिसते, तिथं झुकाव (अगदी समोरून म्हणजे शून्य) ६ ऐवजी ७ अंश धरला की वस्तुमान थेट पाव हिश्श्यानं घटतं, लई नाजूक काम.

ताऱ्याचं अंतर चुकलं तर दोन्हीकडं मार, अंतर १० टक्के जास्त धरलं तर डिस्कवरचं वस्तुमान १० टक्के वाढतं, पहिल्या पद्धतीतलं तेज मात्र २१.

शेकडो ताऱ्यांचा अंदाज पाहिजे तर मॉडेल घे. चार-पाचच तारे पण पक्के पाहिजेत, किंवा मॉडेललाच तपासायचंय, तर डिस्क. आल्माचा जुना डेटा फुकट मिळतो, आधी तिथं शोध की लेकरा.