एक्झिट की नेहमीचं सिझेरियन? बाळाच्या मानेवर गाठ असताना

सोनोग्राफीत मानेची गाठ दिसली, गर्भजल वाढलंय, एमआरआयही झाला आणि डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितलेत, अशा आईबाबांसाठी लिहितोय. टेराटोमा म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या ऊतींची बनलेली गाठ, हे एव्हाना तुम्ही वाचलंच असेल.

पहिला पर्याय नेहमीचं सिझेरियन, बाळाचे डॉक्टर शेजारी तयार. आईला हे सोपं जातं: पाठीत इंजेक्शन देऊन भूल, गर्भाशय लगेच आकसतं, रक्तस्राव आटोक्यात. दुसरा पर्याय एक्झिट (EXIT): यात बाळाचं डोकं आणि खांदे बाहेर काढतात, पण नाळ लगेच कापत नाहीत. वारेतून प्राणवायू मिळत असतानाच श्वासनलिकेत नळी घालतात. नाहीच गेली तर गळ्याला छेद. तोवर गर्भाशय सैल राहायला हवं, म्हणून बहुधा पूर्ण भूल, आणि रक्तस्रावाची भीती जास्त. जोखीम आईची, म्हणून शेवटचा शब्दही तिचाच असावा.

आमच्या बाळाच्या वेळी माझं मन एक्झिटकडे फिरलं ते एका उत्तरामुळे. आधीच्या रुग्णालयात विचारलं, नळी गेली नाही तर गळा उघडणारे सर्जन कुठे असतील? ‘ऑन कॉल.’ म्हणजे किती मिनिटांत? एकाने पाच सांगितली, दुसऱ्याने पंधरा, तिसऱ्याने ‘काळजी करू नका’. नाळ कापल्यावर बाळाच्या हाती मोजकी मिनिटं, आणि त्यांचा हिशेब कुणाकडेच नाही! त्या रात्री झोप लागली नाही. एक्झिटमध्ये वार साथ देत राहिली तर तासाभरापर्यंतही वेळ मिळू शकतो, आणि सर्जन हातमोजे घालून तिथेच उभे असतात.

आमच्या मुलीला नळी तिसऱ्या प्रयत्नात गेली. बायकोला रक्त चढवावं लागलं, सावरायलाही वेळ लागला; ते मी कमी लेखणार नाही. पण नाळ आधीच कापली असती तर तो तिसरा प्रयत्न कोणत्या मिनिटाला झाला असता, हा विचार अजून येतो.

एमआरआयमध्ये श्वासनलिका मोकळी, सरळ दिसत असेल आणि सर्जन खरोखर त्याच खोलीत थांबणार असतील, तर साधं सिझेरियन पुरेसं ठरू शकतं. हे तुमचे डॉक्टरच सांगतील. गाठ श्वासनलिका दाबत असेल तर मी पुन्हा एक्झिटच म्हणेन.

एक मात्र आजच विचारून ठेवा. वाढलेल्या गर्भजलामुळे कळा वेळेआधी येऊ शकतात. रात्री दोनला आल्या तर यातलं कोण कोण, किती वेळात पोहोचेल?