हिकपचा टूथलेस: पुस्तकातला की पडद्यावरचा?

क्रेसिडा कॉवेल यांचं 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' २००३ सालचं, त्यावरचा अ‍ॅनिमेशनपट २०१० चा. नायक तोच, हिकप नावाचा किडकिडीत व्हायकिंग मुलगा. ड्रॅगन मात्र अगदी वेगळे.

पुस्तकातला टूथलेस एवढासा, बोळका आणि महाहट्टी. सांगितलेलं ऐकेल तर शपथ! इथे ड्रॅगन पाळायची रीतच आहे आणि शिकवायचं म्हणजे त्याच्यावर जोरात ओरडायचं. हिकपला ओरडणं जमत नाही, पण ड्रॅगनची भाषा येते. म्हणून तो बोलून, चुचकारून बघतो. ही भांडणं मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला फार मजा येते. पुढे मालिकेची बारा पुस्तकं झाली.

चित्रपटात गावाचं ड्रॅगनांशी हाडवैर. हिकपच्याच माऱ्याने काळाकभिन्न टूथलेस खाली पडतो, शेपटीचा अर्धा पंख गमावतो आणि त्याला उडता येत नाही. लोहाराच्या हाताखाली शिकणारा हिकप मग त्याला नवा पंख बनवून देतो. त्याआधीचा एक प्रसंग मी कितीदा पाहिलाय: हिकप मान फिरवतो, डोळे मिटतो आणि तळहात नुसता पुढे धरतो. क्षणभर थांबून टूथलेस आपण होऊन नाक टेकवतो. संवाद एकही नाही, फक्त जॉन पॉवेल यांचं संगीत.

सात-आठ वर्षांच्या मुलाला आधी पुस्तकच द्या. माझा जीव मात्र चित्रपटावर जडलाय. शेवटी हिकपही एक पाय गमावतो, आणि लाकडी-लोखंडी पायाने पहिलं पाऊल टाकताना त्याला आधार देतो तो टूथलेसच.