आजारातून उठताय आणि कुंड्यांना कीड लागलीय: स्वतः बघायचं की माळी बोलवायचा?

डेंग्यू, चिकुनगुन्याचा ताप उतरला तरी थकवा लवकर जात नाही. चिकुनगुन्यात तर सांधे कधीकधी महिनोन्‌महिने धरलेले राहतात. नेमकी त्याच दिवसांत ग्रिलमधली जास्वंद पांढऱ्या कापसासारख्या किडीने भरते. हा मिलीबग. अशा वेळी कुठलं औषध जालीम हे नंतर बघा; आधी बघायचं ते कशाला किती वाकावं, उचलावं लागतं.

सगळ्यात कमी मेहनतीचा उपाय म्हणजे स्पिरिटचा बोळा. स्टुलावर बसून, देठ फांदीला मिळतो ती बेचकी पुसायची. किडीवरचं मेणचट आवरण त्यानेच निघतं, नुसत्या पाण्याने नाही. दोन-तीन कुंड्यांपुरतं हे उत्तम. दहा कुंड्या असतील तर बोटं दुखून येतील.

मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर गोळा होणारी बारीक मऊ कीड, असेल तर मात्र पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, औषध लागतच नाही. अडचण एवढीच की ते पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं, आणि आजारी माणसाला भांडायचीही ताकद नसते.

नीमतेल दोन्हींवर चालतं. लिटरभर पाण्यात 5 मिली तेल आणि लिक्विड सोपचे काही थेंब. साबण नसेल तर तेल वर तरंगत राहतं. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारायचं. कीड लगेच मरत नाही, आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा मारावं लागतं, आणि पावसाची एक सर आली की धुऊन जातं. शिवाय त्याचा वास! तोंडाची चव गेलेल्या, मळमळणाऱ्या माणसाने यात पडू नये, घरातल्या दुसऱ्याकडे बाटली द्यावी.

इमिडाक्लोप्रिडसारखी रासायनिक कीटकनाशकं झटपट काम करतात, पण ती झाडात भिनतात. शेजारी खायची तुळस आणि कडीपत्ता असताना बंद खिडकीच्या घरात ती नकोच, माळी म्हणाला तरी नको.

माळ्याचं म्हणाल तर त्याला बोलवावंच, पण किडीचं काम त्याच्यावर सोडू नये. तो आठवड्यातून एकदा येणार, आणि मिलीबगची एक मादी शेकड्याने अंडी घालते. त्याच्याकडून जड कामं करून घ्या: कुंडी बदलणं, खताची गोणी वर आणणं, छाटणी. पाण्याची भरलेली झारीही त्याच जातीची, दहा लिटर म्हणजे दहा किलो. त्यापेक्षा तांब्याने घाला. रोज पानं उलटून बघणं मात्र तुमच्याकडेच ठेवा. या बघण्याला चहा पिण्याइतकाच वेळ लागतो. मुंग्यांची रांग फांदीवर चढताना दिसली की वर चिकटा सोडणारी कीड आहे असं समजा.

एक काम कुणाच्याच भरवशावर टाळू नका: कुंडीखालच्या ताटल्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि अंडी काठाला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतू नका, ताटली घासा. डेंग्यूचे 4 प्रकार आहेत. एक होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराची लागण जास्त गंभीर होऊ शकते. खरं तर दोन महिने ताटल्या काढूनच टाकलेल्या बऱ्या. पाण्यातला मनीप्लांटही त्याच हिशोबात.

केमो किंवा स्टेरॉइड चालू असतील तर प्रश्नच वेगळा. मातीत आणि खतात जंतू, बुरशी असतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय मातीत हात घालू नका, हातमोजे घालूनसुद्धा. अशांनी कुंड्या शेजारच्या काकूंकडे पाठवाव्यात, पण कीड लागलेली कुंडी नव्हे, नाहीतर त्यांचा मोगराही जाईल.

आणि शेंड्यापर्यंत भरलेल्या जास्वंदीवर उपाय करत बसू नका. माळ्याकडून अर्ध्यावर छाटून घ्या, ती पुन्हा फुटते. छाटलेल्या फांद्या पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या, घरच्या खताच्या डब्यात टाकू नका.