दिवाळीची भेट: सुकामेव्याचा बॉक्स की गुळाची बुट्टी?

काय द्यायचं याच्या आधी किती द्यायचं ते ठरवा. पाच घरांनी एकमेकांना द्यायचं म्हटलं की प्रत्येक घराच्या चार, म्हणजे एकूण वीस भेटी होतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घराच्या वाट्याला एकच घर आलं, तर त्या पाचावर येतात आणि चार किरकोळ वस्तूंचे पैसे एका चांगल्या वस्तूला लावता येतात. चिठ्ठ्या दसऱ्यालाच टाका. उशीर झाला की कुणाची तरी खरेदी उरकलेली असते आणि मग सगळंच फिसकटतं. आजी-आजोबा, थोरले काका-काकू यांना चिठ्ठीत धरू नका, त्यांच्याकडे रिकाम्या हातानं कुणी जाणार नाही. भाऊबीजेची ओवाळणीही यात आणू नका, ती वेगळीच राहू दे.

आता वस्तूंकडे. सुकामेव्याच्या तयार बॉक्सचं एक खरं: वेळ वाचतो, आणि ऑफिसातल्या किंवा फारशी ओळख नसलेल्या माणसाला देताना प्रश्न पडत नाही. पण आत चार खणांचा प्लास्टिकचा ट्रे, वर पारदर्शक झाकण आणि बाहेर चकचकीत प्लास्टिकचा थर दिलेला पुठ्ठा. असा पुठ्ठा रद्दीवाला कागदात धरत नाही. मिठाईच्या बॉक्सवर गुंडाळायच्या प्लास्टिक फिल्मला तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. शिवाय हा बॉक्स एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतो. अक्रोड-पिस्त्यात तेल भरपूर असल्यानं दोन-तीन घरं फिरेपर्यंत ते खवट होतात. घेतलाच तर छापील निव्वळ वजन बघा, किमतीला त्यानं भागा आणि सुट्या मेव्याच्या भावाशी ताडून बघा, खोक्याचे किती पैसे मोजतोय ते लगेच कळतं. त्यापेक्षा काजू-बदाम पाव-पाव किलो सुटे घेऊन स्टीलच्या डब्यात भरून द्या. डबा घरात वर्षानुवर्षं राहतो.

बुट्टीत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, भरायचं ते असं: एक किलो गूळ, दोन किलो आजरा घनसाळ तांदूळ, अर्धा किलो शेंगदाणे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये आणि आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणून परगावच्या पाहुण्यांनाही ही भेट इथली, कोल्हापूरची म्हणून देता येते. वजन साडेतीन किलो, महिन्या-दोन महिन्यांत सगळं पोटात जातं आणि मागं उरते फक्त बांबूची बुट्टी, ती कांदे-लसणाला उपयोगी पडते.

गूळ घेताना रंगाला भुलू नका. फिकट पिवळाधमक गूळ दिसायला देखणा असतो, पण तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस या रंग उजळवणाऱ्या रासायनिक पावडरीनं आणलेला असतो. भेंडीच्या चिकानं मळी काढलेला, पावडर न घातलेला गूळ तांबूस-तपकिरी दिसतो. कडेचा तुकडा मोडून बघा: चांगला गूळ घट्ट असतो, आत रवा दिसतो, बोटाला चिकटत नाही. खारट लागला तर घेऊ नका. दुसरी अडचण वेळेची. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर निघतात, त्यामुळं त्याआधी दुकानात गेल्या हंगामातला, कोल्ड स्टोरेजमधला गूळ मिळण्याची शक्यता जास्त. पाडव्याआधी भेट द्यायची असेल तर गुऱ्हाळ सुरू झालेल्या गावातून थेट आणा, नाहीतर भेट भाऊबीजेवर ठेवा. गुळातली ग्लुकोज-फ्रुक्टोज साखर हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून उघडा ठेवला की पाणी सुटतं. आधी बटर पेपर, वर जाड कागद असा गुंडाळा आणि 'उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात' अशी चिठ्ठी आत टाका.

तांदूळ मात्र जुनाच मागा. नवा घनसाळ भात चिकट होतो, वर्षभर मुरलेला मोकळा शिजतो. पोरकिडे लागू नयेत म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून वर ठेवा. पाला ओलसर राहिला तर उलट बुरशी येते.

ज्या घरी मधुमेह आहे तिथं गूळ 'साखरेपेक्षा बरा' म्हणून देऊ नका, त्यानंही रक्तातली साखर वाढतेच. गुळाच्या जागी घाण्याचं शेंगतेल एक लिटर ठेवा.

बुट्टी घरी नेऊन द्यायची असेल तर उत्तम. एसटीनं किंवा ट्रॅव्हल्सनं पाठवायची असेल तर चेपते, तिथं मांजरपाटाची पिशवी बरी. ३६ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात दोन पिशव्या निघतात. कापड शिवण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आखडतं. बंदांसाठी नवार वेगळी घ्या आणि तांदूळ तळाशी, गूळ वर असं भरा.

फराळाचा डबा तर सगळीकडूनच येतो, आणि तीच अडचण आहे: चार घरच्या चकल्या एकाच आठवड्यात. घरं आपसात वाटून घ्या: एकीकडे चकली, दुसरीकडे अनारसे, तिसरीकडे चिवडा. डबा स्टीलचाच द्या, तो रिकामा परत येत नाही.

रोप सुंदर दिसतं, पण ज्यानं मागितलंय त्यालाच द्या. फ्लॅटच्या बाल्कनीला ऊन किती हे माहीत नसताना दिलेली तुळस पंधरा दिवसांत झडते. द्यायचंच तर दहा-बारा इंची, तळाला भोक असलेल्या कुंडीत आधीच लावून द्या. नर्सरीची काळी पिशवी उभी चिरून काढा. ओढून काढली की मातीचा गड्डा फुटतो, मुळं तुटतात. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका.

कोल्हापुरी चप्पल गुपचूप द्यायची वस्तू नाही. माणसाला बरोबर घेऊन जा, संध्याकाळी जा, कारण तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, चामड्याच्या वादीनं शिवलेलं जोड असेल तर ते बरीच वर्षं चालतं आणि तळ बदलता येतो. पावसात वापरायचं नाही हे देतानाच सांगा.

लहान मुलांना बॅटरीच्या खेळण्याऐवजी किल्ल्याचं साहित्य द्या: एक पोतं, पाटीभर लाल माती, ५० ग्रॅम अळीव किंवा मोहरी, भाजक्या मातीचे दहा-बारा मावळे. प्लास्टर ऑफ पॅरिसचे घेतले तर ओल्या किल्ल्यावर पायापासून भुगा होतात. हिरवळ यायला चार-पाच दिवस लागतात आणि चिखल बसायला एखादा, म्हणून ही भेट वसुबारसेच्या आठ दिवस आधी पोचली पाहिजे.