पांढरा मुलामा, आत काळा माल: फिल्टर खरेदीत गेलेले ४ लाख ११ हजार

१ लाख ७४ हजार ६४० रुपये. वितळलेलं पोलाद साच्यात ओतताना गाळायचे, ७५ बाय ७५ बाय २५ मिलिमीटरचे ८०० फिल्टर, नग १८५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. एवढे पैसे मोजून मी झिर्कोनियाच्या, म्हणजे पोलादाची उष्णता सोसणाऱ्या पांढऱ्या सिरॅमिकच्या नावाखाली पांढरा मुलामा फासलेला काळा सिलिकॉन कार्बाईड घेतला. कोल्हापूर भागात स्टील ओतणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं, कारण तोच विकणारा उद्या तुम्हाला फोन करेल.

पद्धत नेहमीचीच. नमुना अस्सल, लॉट नकली. नमुन्याचे फिल्टर मी स्वतः हीटला, म्हणजे भट्टीच्या एका घाण्याला लावले, एकही फुटला नाही. भाव संशय यावा इतका कमी नव्हता, नगामागे ३० रुपयांचाच फरक. नेहमीच्या सप्लायरकडे माल संपलेला, इकडे व्हॉल्व्ह बॉडीची डिस्पॅच तोंडावर. टेस्ट सर्टिफिकेट होतं, पोर्टलवर जीएसटी नंबर चालू दिसत होता. मी हाव धरली असं कुणी म्हणू नये. निम्मे पैसे ॲडव्हान्स, उरलेले ‘गाडी भरून उभी आहे’ म्हणून त्याच दिवशी.

कार्टन उतरवताना स्टोअरचा पोरगा म्हणाला, “मालक, ह्या खेपंला माल लई हलका हाय.” दोन कार्टन एकावर एक ठेवून तो सहज चालत होता. झिर्कोनिया सिलिकॉन कार्बाईडपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जड असतं, हे मला वीस वर्षं ठाऊक आहे. वजनकाटा दहा पावलांवर होता. माझ्या बोटांना पांढरी भुकटीही लागली होती. पण कानाला कस्टमरचा फोन होता, आणि विकणाऱ्यानं आधीच पढवून ठेवलं होतं की नवीन कोटिंगमुळे वजन कमी येतं. तो क्षण आठवला की आजही झोप उडते.

सिलिकॉन कार्बाईड बिडासाठी (ओतीव लोखंडासाठी) ठीक आहे. पोलाद १६०० अंशांच्या आसपास ओतायचं म्हटलं की त्याची बांधणी मऊ पडते, कार्बाईड धातूत विरघळू लागतं. आमचे फिल्टर रनरमध्येच, म्हणजे साच्यात धातू जायच्या वाटेतच फुटले. जे स्लॅग (धातूवरची मळी) आणि वाळू अडवायला लावले, त्यांचेच तुकडे कास्टिंगमध्ये गेले. मशिनिंगला टूल तुटली, तेव्हा कळलं. उरलेल्यातला एक फिल्टर हातोडीनं फोडला तर आत कोळशासारखा काळा. कस्टमरनं आमच्याकडून कापून घेतलेली रक्कम, म्हणजे डेबिट नोट, २ लाख ३६ हजार ५०० रुपयांची. एकूण ४ लाख ११ हजार १४०.

पीएमआय गन (धातू ओळखायचं हातातलं एक्स-रे यंत्र) वरून लावून खात्री करू नका. ती वरचाच थर वाचते आणि झिर्कोनियम दाखवते. फिल्टर कुटा, भुकटी तपासायला द्या.

पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी मामला, वकील गाठा. बिलावर ‘झिर्कोनिया कोटेड’ लिहिलंय आणि माल कोटेडच आहे, मग फसवणूक कसली? कोटेशनमध्ये हा ‘कोटेड’ कुठेच नव्हता, पण कोटेशन कुणी वाचायलाच तयार नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर म्हणाले, तुम्ही स्वतः बिलापोटी पैसे पाठवलेत. बँकेचं तेच. ग्राहक आयोगात खरेदी व्यापारी हेतूची म्हणून परत पाठवलं. एमएसएमईचं, म्हणजे लघुउद्योगांचं सरकारी तक्रार पोर्टल विक्रेत्याचे थकलेले पैसे मिळवून द्यायला आहे. पैसे भरून बुडालेल्या लघुउद्योजकासाठी तिथे खिडकी नाही. वर कडी म्हणजे विकणाऱ्यानं जीएसटी रिटर्नच भरलं नाही, बिल माझ्या २बी मध्ये (पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत) आलं नाही, म्हणून भरलेल्या जीएसटीचं २६ हजार ६४० रुपयांचं क्रेडिटही अडकलं. लुटला गेलो मी, आणि सरकारी खात्याच्या दृष्टीनं थकबाकीदारही मीच?

नमुना खरा देऊन लॉट खोटा पाठवणं म्हणजे पहिल्यापासून फसवायचा इरादा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ठाण्यात घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवता येते. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही.

नमुन्याचं वजन लिहून ठेवा. प्रत्येक कार्टनमधला एक नग फोडा, माल महाग आहे म्हणून हात आखडू नका. माल तपासल्याशिवाय बाकी रक्कम सोडू नका, गाडी उभी असेल तर उभी राहू दे. ‘झिर्कोनिया’ आणि ‘झिर्कोनिया कोटेड’ यातला फरक पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहून घ्या.

उरलेली कार्टन सील करून ठेवली आहेत. अधीक्षकांकडे पोस्टानं तक्रार गेली आहे. तिथे दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे जाणार आहे, अर्ज तयार आहे.