शनिवारची भाजीची पिशवी आणि मोबाईलवरच्या रेसिपी : सात महिने वापरून आलेला अनुभव

आमचं गाव पलूसजवळ, कृष्णेच्या काठाला, आणि आम्ही राहतोय सांगलीत विश्रामबागला. गावाकडं थोरले दीर आणि अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई शेती बघतात. ऊस तर आहेच, पण विहिरीजवळच्या तुकड्यात अक्का स्वतः भाजी लावतात आणि दर शनिवारी ओळखीच्या दूधगाडीतनं एक भली मोठी पिशवी आमच्याकडं पाठवतात. पिशवीत काय असणार ते आपल्या हातात नसतंय, जे निघालं ते येतं, आणि येतं तेव्हा ढिगानं येतं. एका शनिवारी सगळी शेपूच, पुढच्या शनिवारी पाच किलो दोडका. घरात माणसं चार, दोन पोरं आणि त्यातलं धाकटं हिरवं दिसलं की ताट सरकवणारं.

गेल्या गणपतीत अंबाडीच्या दोन मोठ्या जुड्या पिवळ्या पडल्या म्हणून मी घंटागाडीत टाकल्या. अक्का पहाटे उठून, गुडघे दुखत असताना, वाकून ती भाजी खुडतात हे मी डोळ्यानं बघितलंय, त्यामुळं दिवसभर जीवाला चैन पडली नाही. तेव्हापासून ठरवलं की शनिवारी रात्री अर्धा तास मोबाईल घेऊन बसायचं आणि आलेल्या भाजीचं काय काय होतंय ते शोधायचं. आता पाडवा झाला, म्हणजे सात महिने झाले, म्हणून लिहिते.

पहिला महिना तर वायाच गेला म्हणा. मी आपली मराठी नावं टाकून शोधत होते आणि त्याच त्या चार-पाच भाज्या परत परत समोर, म्हणजे डाळ-कण्या घालून वरनं लसणाची फोडणी, जी मला येतेच. मग एकदा ऑफिसातल्या हैदराबादच्या बाई म्हणाल्या अंबाडी म्हणजे आमची गोंगुरा, आणि तिथनं सगळं उलगडलं. गोंगुरा टाकलं की आंध्राच्या पचडीचे ढीगभर व्हिडिओ. पानं तेलात परतून गाळ होईपर्यंत शिजवायची, सुक्या लाल मिरच्या, मेथीदाणे, धने भाजून वाटायचे, लसूण आणि वरनं सढळ तेलाची फोडणी. दोन जुड्यांची एक बरणी होते आणि फ्रिजमध्ये आमच्याकडं पंधरा दिवस सहज टिकली. फक्त अंबाडी आंबट असतेय म्हणून ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजवू नका, स्टीलचंच घ्या. ही गोष्ट मला व्हिडिओनं नाही, सासूबाईंनी सांगितली.

तेव्हापासून भाजीची दुसऱ्या प्रांतातली नावं फ्रिजच्या दारावर कागदावर लिहून ठेवलीत. चाकवत म्हणजे बथुआ, तोंडली म्हणजे कुंदरू, पडवळ म्हणजे चिचिंडा, दोडका म्हणजे तुरई, घोळ म्हणजे कुल्फा. चाकवत आपल्याकडं ताकातला, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून, दुसरं काही सुचायचंच नाही. बथुआ टाकल्यावर रायतं आणि पराठे सापडले, आणि पराठा धाकट्यानं विचारून विचारून खाल्ला. घेवड्याचा मात्र अजून घोळ आहे. घेवडा टाकलं की श्रावणघेवडा येतो, वालघेवडा येतो आणि साताऱ्याकडचा कोरेगावचा वाघ्या घेवडा पण येतो, जो मुळात वाळलेला दाणा. त्यामुळं आधी फोटो बघायचा, शेंग आहे का दाणा, मगच पुढं.

मटारचा दुसराच वैताग. जानेवारीत दहा किलो शेंगा आल्या आणि काहीही टाका, मटार पनीरच येणार. थोरल्या पोरानं सांगितलं की गुगलवर नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह लावायचं, जागा न सोडता. मटर लिहून पुढं वजा पनीर असं टाकलं आणि निमोना सापडला, उत्तर प्रदेशातला, ताजा मटार भरड वाटून परतायचा आणि त्यात बटाटा घालून रस्सा करायचा. भाकरीबरोबर इतका छान लागतो की त्या महिन्यात तीनदा केला. राहिलेला मटार उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर पूर्ण कोरडा करून पिशव्या भरून फ्रीझरला, पाडव्याच्या मसालेभातात घातला तर अजून हिरवागार होता.

नवलकोलचा पाला मी आजवर टाकूनच देत होते, कबूल करते. काश्मिरात गड्डा आणि पाला एकत्रच शिजवतात, मोहरीचं तेल, हिंग, सुकी मिरची, बास एवढंच, कांदा नाही की टोमॅटो नाही. मोंज हाक म्हणतात त्याला. पहिल्या घासाला आमच्यात कुणी काही बोललं नाही, मग ह्यांनी परत वाढून घेतलं.

पण सात महिन्यातला सगळ्यात मोठा ठेवा म्हणजे ओल्या हळदीची भाजी. मी सांगलीची, हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं लहानपणी बघितलेली, आपल्या हळदीला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटल्यासारखं वाटलेलं, आणि ओल्या हळदीचं आम्ही काय करणार तर लोणचं. राजस्थानात तिची चक्क भाजी करतात, थंडीत, बाजरीच्या रोटीबरोबर. फेब्रुवारीत अक्कांकडची हळद निघाली तेव्हा पाव किलो घेऊन केली. हळद किसायची आणि साजूक तुपात अगदी मंद आचेवर परतत बसायचं, वीस मिनिटं तरी, घाई केली तर कडवट राहते. कच्चा उग्र वास जातो, रंग गडद नारिंगी होतो आणि कडेनं तूप सुटायला लागतं, तेव्हा घट्ट दह्यात धने पूड, तिखट, मीठ कालवून ते ओतायचं आणि वाफवलेला मटार टाकायचा. व्हिडिओत हळदीएवढंच तूप होतं, मी एक वाटीच घातलं तरी पुरलं. वाटीभर नाही खायची, चमचा-दोन चमचे, लोणच्यासारखी.

आता फसलं ते पण सांगते. डिसेंबरात एका चॅनेलवरचं गाजर-मुळ्याचं लोणचं केलं, लाखात बघितलेला व्हिडिओ, म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवला. चिरलेल्या फोडी मीठ लावून उन्हात सुकवायच्या हे त्यात कुठंच नव्हतं. पाचव्या दिवशी बरणीत वर पांढरी बुरशी, दोन किलो गाजरं गेली, तेल-मोहरी गेली ती वेगळीच. नंतर खालच्या कमेंट वाचल्या तर तीन बायकांनी तेच लिहिलेलं. तेव्हापासून आधी कमेंट वाचते आणि मगच रेसिपी बघते. दुसरं, एका ॲपचे वर्षाचे पैसे भरले, सीझनच्या भाज्या म्हणून जाहिरात होती, आणि आत निघाली झुकिनी नाहीतर ॲस्परॅगस. आपल्याकडं पाडव्याला गवार, भेंडी, कैरी असते, त्यांचा सीझन कुठल्या देशाचा कुणास ठाऊक. पैसे काही परत आले नाहीत.

मसाल्याचं म्हणाल तर मी आता सरळ बदल करते. धने पूड, गरम मसाला, तिखट असं सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं तिथं आमच्यात घरची कांदा-लसणाची चटणी पडते आणि रस्सा सुधारतोच. गोंगुरा आणि हळदीला मात्र ती घालू नका, मूळ चव मरते. आणि काही भाज्यांना मोबाईल हातात घ्यायचीच गरज नाही. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, भोगीची भाजी, करडईचा पाला, ह्याला सासूबाई बसल्यात.

हिशोब सांगायचा तर टाकून द्यायची भाजी अगदी थोडी राहिलीय, काही आठवडे तर देठं आणि सालीच. शेपूला अजून मनासारखं काही मिळालेलं नाही.

मागच्या आठवड्यात हळदीच्या भाजीचा डबा दूधगाडीतनं उलटा गावाला पाठवला. संध्याकाळी अक्कांचा फोन, "अगं, ही आपली हळद व्हय? एवढी वर्षं शिजवून वाळवून विकत आलो." मग कशी केली ते सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, किसताना हाताला खोबरेल चोळत जा, बोटं पिवळी होत नाहीत. मी दहा-बारा व्हिडिओ बघितले होते, हे एकातही नव्हतं, आणि ऑफिसात तीन दिवस पिवळी बोटं घेऊन बसले होते.